पोटरीचं माप

मला माझ्याच दोन अंगठ्यांची भीती वाटते. ऐकणाऱ्याला वेडेपणा वाटेल, वाटू दे. चव्वेचाळीस वर्षांची बाई, एकशे पंधरा किलोचा बार जमिनीवरून उचलणारी, शिकवणीतल्या दहावीच्या पोरांना नुसत्या डोळ्यांनी गप्प करणारी, आणि घाबरते कशाला तर स्वतःच्या अंगठ्यांना. पण माझ्या धाकट्या जावेची पोटरी ज्यांनी वीस मिनिटं दाबली, तेल लावून, खालून वर, जोर काढून, ते हेच अंगठे. त्या पोटरीत काय बसलंय हे तेव्हा कळलं असतं, तर मी तिला बोटसुद्धा लावलं नसतं.

आम्ही दोघी जावा एकाच घरात राहतो, पंचवटीत. खाली सासूबाई आणि माझा संसार, वर धाकट्या दिरांचा. मी गणिताच्या शिकवण्या घेते, धाकटी ब्लाऊज शिवते. आमचे नवरे अंबडच्या कारखान्यांत शिफ्टवर, म्हणजे घरात असले तरी झोपलेले. तेव्हा घर चालतं ते आम्हा तिघी बायकांचं. आणि पहाटे साडेपाच ते सात आम्हा दोघींची जिम. माझं वजन उचलणं सुरू झालं ते दुसऱ्या बाळंतपणानंतर, कंबरेनं जीव नकोसा केला म्हणून. त्याला चौदा वर्षं झाली. धाकटी माझ्या मागून आली, तिला नऊ. सुरुवातीला सासूबाई म्हणायच्या, "हमालीचीच हौस आहे तर गव्हाचं पोतं आणा बाजारातून." आम्ही आणलं. पन्नास किलोचं पोतं दोघींनी जिन्यानं गच्चीपर्यंत चढवलं, तेव्हा त्यांचं बोलणं बंद झालं. पुढं आम्ही राज्याच्या स्पर्धेत पदकं आणली आणि तीच बाई शेजारणींना बोलावून बोलावून दाखवायला लागली.

त्या वर्षी पावसाळ्यात धाकटीचा डावा गुडघा कुरकुरायला लागला. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, दोन महिने जड स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन उठाबशा, बंद. आणि डिसेंबरात स्पर्धा. दोन महिने नुसतं बसायचं म्हणजे नऊ वर्षांची मांडी वाळवायची. ती वरून शांत होती, शिवत होती, पण टाके पुन्हा पुन्हा उसवत होती. मला तिची ती तगमग बघवेना. मोठी जाऊ म्हणून सगळ्यातून मार्ग मीच काढायचा, असा माझा एक आगाऊ समज आहे.

जिममधल्या सरांनी मार्ग सांगितला. मांडीच्या अगदी वरच्या टोकाला पट्टा आवळून बांधायचा आणि एरवी उचलतो त्याच्या पाव वजनानं व्यायाम करायचा. पट्ट्यामुळे रक्त पायात जातं, पण परत यायला त्याला वेळ लागतो. स्नायू भरून येतो, पेटतो, आणि त्याला वाटतं आपण फार जड उचललं. गुडघ्यावर भार नाही आणि मांडी टिकून राहते. सर म्हणाले, "हे नवख्यांचं काम नाही. तुमच्यासारख्या मुरलेल्यांसाठी ठीक आहे. पण दाब मोजता येईल असा पट्टा घ्या, आणि आधी काही प्रश्न आहेत ते वाचा, डॉक्टरांना दाखवा."

मुरलेल्या म्हटलं ना, मग काय. नंतरचं वाक्य मी कानावेगळं केलं. दाब मोजायचा पट्टा कशाला हवा, गुडघ्याला गुंडाळायच्या जाड पट्ट्या घरात पडल्याच होत्या. दहापैकी सात आवळायच्या असं वाचलं. आता दहापैकी सात म्हणजे किती, हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि ठरवणारी मी. माझा सात दुसऱ्याच्या नवाएवढा असतो, हे अख्ख्या घराला माहीत आहे.

धाकटीला ही युक्ती माझ्या आधी समजली. तिचं माहेर दिंडोरीचं, द्राक्षबागायतदार. मी फोनवरची चित्रं दाखवत होते तर ती म्हणाली, "ताई, हे तर आमचं गर्डलिंग." मग तिनं मला समजावलं. मणी बारीक असताना वेलीच्या खोडाची साल गोल कापून एक बारीक पट्टा काढतात. पानांनी केलेलं अन्न मग खाली मुळांकडे जात नाही, वरच अडतं, आणि मणी फुगतो. काही आठवड्यांनी साल पुन्हा भरून येते. "तिथं खाली जाणारं अडवायचं, इथं वर जाणारं," ती म्हणाली आणि खूश झाली. आपल्या घरचंच काम निघालं म्हटल्यावर माणसाची भीती जाते. आमची गेली. ती जायला नको होती.

प्रश्न मात्र आम्ही वाचले, खोटं कशाला बोलू. तिच्या शिलाई मशीनशेजारी बसून मी फोनवरून एकेक मोठ्यानं वाचला, शिकवणीत तोंडी परीक्षा घेते तसा. रक्तदाब आहे का? नाही. घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या? नाही. गरोदर आहात का? त्यावर ती हसली. हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का? त्यावर आम्ही दोघी हसलो. तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन होऊन दहा वर्षं झालेली, माझी तर चाळिशी उलटलेली. "आता कुठल्या गोळ्या आणि कुठलं काय," मी म्हटलं आणि पुढचा प्रश्न वाचला. डॉक्टरांना दाखवायचं राहिलं ते राहिलंच. सगळी उत्तरं नाही आल्यावर दाखवायचं काय, असं वाटलं.

आता आमच्या देव्हाऱ्याखालच्या डबीबद्दल सांगते. कुंकवाच्या करंड्याशेजारी एक छोटी स्टीलची डबी असते. तिच्यात गोळ्यांची पाकिटं. सत्यनारायण असो, घट असोत, गौरी-गणपती असोत, त्या दिवसांत बाईची पाळी येता कामा नये, म्हणून पुढं ढकलायची गोळी. सासूबाई औषधाच्या दुकानातून आणतात, दुकानदार काही विचारत नाही, कारण गल्लीतल्या निम्म्या घरांत तीच जाते. आमच्या घरात तिला देवाची गोळी म्हणतात. लग्न झाल्यापासून मी ती खात आले. धाकटीही. कधी कुठल्या डॉक्टरनं विचारलं की औषधं काय चालू आहेत, तर आम्ही ती सांगितली नाही. लपवली नाही हो, डोक्यातच आली नाही. ते औषध थोडंच होतं, ते सोवळ्यातलं सामान होतं. कापूर, वाती, गोळी.

म्हणजे ज्या दुपारी आम्ही त्या प्रश्नावर हसलो, त्या दिवशी सकाळीच आम्ही दोघींनी श्रावणातल्या सत्यनारायणासाठी ती गोळी घेतली होती.

पट्ट्याचं काम सुरू झालं. दोघींनी केलं, तिला एकटीला कसं करू देणार. आधी तीस उठाबशा, मग पंधरा, पंधरा, पंधरा, मधे फक्त अर्धा मिनिट. वजन इतकं हलकं की लाज वाटावी, आणि शेवटच्या पंधरांत डोळ्यांत पाणी. मांडी लाकडासारखी टणक. चारही फेऱ्या संपल्या की पट्टा लगेच सोडायचा असतो. आम्ही एक व्यायाम संपला तरी दुसऱ्यासाठी तसाच ठेवायचो, पुन्हा कोण बांधत बसणार. सगळं मी वहीत लिहायची. वजन, आकडे, आणि दर रविवारी तिच्या शिवणाच्या टेपनं घेतलेली मापं: मांडी, पोटरी, उजवी, डावी. वाढ दिसली की मी लाल पेननं शाब्बास लिहायची. मास्तरीण आहे, सवय जात नाही.

मग गणपती आले. आमच्याकडे दहा दिवसांचे, मधे गौरी. त्याआधीचे पंधरा दिवस धाकटी मशीनवरून उठली नाही, अख्ख्या गल्लीचे ब्लाऊज तिच्याकडे. सकाळी जिम, दिवसभर मशीन, आणि गणपतीच्या पाच दिवस आधीपासून दोघींना देवाची गोळी, दिवसातून तीनदा. सासूबाई स्वतः हातावर ठेवायच्या, वर पाण्याचा गडू. प्रेमानं ठेवायच्या, हेही लिहायला पाहिजे.

गौरींचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पट्टे बांधले. संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "ताई, डावी पोटरी भरून आलीये. दुखतीये."

"दुखणारच. पुरणपोळ्या लाटून लाटून दोन दिवस उभी होतीस, आणि आज पट्टा. दुखलं नाही तर केलं काय?"

"तशी नाही दुखत."

हे तिचे शब्द. तशी नाही दुखत. नऊ वर्षं रोज काही ना काही दुखवून घेणारी बाई मला सांगत होती की हे ते दुखणं नाही. आणि मी, मुरलेली, मी टेप काढला. उजव्या पोटरीपेक्षा डावी पाऊण इंचानं जास्त. गेल्या रविवारी दोन्ही सारख्या होत्या. मी तिला टेप दाखवला आणि म्हटलं, "बघ, धरला पट्ट्यानं जोर. पोटरीपण फुगली." वहीत लिहिलं, डावी पोटरी, पाऊण इंच वाढ. पुढं लाल पेननं शाब्बास.

मग तिला पालथं झोपवलं, खोबरेल कोमट केलं आणि दाबायला बसले. पोटरी गरम होती. मी म्हटलं, रक्त खेळतंय. ती उशीत तोंड घालून कण्हत होती आणि मी तिला चिडवत होते, की बाई, एवढी पदकं घेतलीस आणि अंगठा सोसवत नाही. त्या गरम, ताणलेल्या कातडीवरून माझे अंगठे खालून वर, खालून वर फिरत होते. हे सगळं मी आज लिहिते आहे आणि मधे दोनदा उठून हात धुवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती कोथिंबीर आणि दूर्वा घेऊन आली. आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. ती चढून वर गेली आणि पाच मिनिटांनी तिनं मला हाक मारली. हाक नेहमीची नव्हती. मी पळत गेले तर ती वरच्या पायरीवर बसलेली, दूर्वा सांडलेल्या, एक हात छातीवर. ओठ पांढरे.

"ताई, दम पुरत नाहीये."

पन्नास किलोचं पोतं घेऊन ज्या जिन्यानं ती गच्चीवर गेली होती, त्या जिन्याच्या चौदा पायऱ्यांत. माझ्या पाचावर धारण बसली. तिची नाडी बघायला हात धरला तर ती मोजता येईना, इतकी पळत होती. मी गणिताची बाई, मला मोजता येईना.

रिक्षा मिळाली, पण रस्त्यात प्रत्येक चौकात मांडव. ढोलाचा सराव चाललेला. धाकटी माझ्या खांद्यावर डोकं टेकून छोटे छोटे श्वास घेत होती आणि मी ते मोजत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. एक श्वास यायला जरा उशीर झाला की माझं काळीज तोंडात यायचं. मी देवाला काही बोलले नाही. नवस करायलासुद्धा सुचलं नाही, इतकी घाबरले होते.

दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या, तरुण. त्यांनी आधी ऑक्सिजन लावला, मग दोन्ही पोटऱ्या उघड्या केल्या आणि खिशातून टेप काढून माप घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर. ज्या जागी मी घेतलं होतं त्याच जागी. आता दीड इंचाचा फरक होता. त्यांनी शाब्बास लिहिलं नाही. त्यांनी नर्सकडे बघितलं आणि लगेच पायाची सोनोग्राफी करायला सांगितली.

"काही औषधं चालू आहेत?"

"नाही," धाकटी म्हणाली. "नाही," मीही म्हणाले.

पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होती, पोटरीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत. आता छातीचा स्कॅन करायचा होता. त्याआधी नर्सनं कागदावर लिहायला म्हणून विचारलं, "ताई, पाळी कधी आली होती? गरोदर नाही ना?"

"नाही. पुढं ढकललीये," धाकटी म्हणाली.

"कशानं?"

ऑक्सिजनचा सूं असा आवाज येत होता. मी धाकटीकडे बघितलं आणि तिनं माझ्याकडे. मला मशीनशेजारची ती दुपार आठवली, तो प्रश्न आणि आमचं हसणं. मी सांगितलं. गोळी सांगितली, किती दिवस ते सांगितलं, श्रावणातली सांगितली. मग पट्टाही सांगितला. मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, तेलसुद्धा सांगितलं.

डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "ती हार्मोनचीच गोळी आहे. तिनं गुठळीचा धोका वाढतो. त्यात दिवसभर बसून काम. त्यात मांडीला आवळून पट्टा. पट्ट्यानंच झालं असं मी सांगू शकत नाही, पण ह्या गोळीवर असताना तो बांधायला नको होता. आणि सुजलेली पोटरी कधी चोळायची नाही."

"मी चोळल्यामुळं ती सुटून वर गेली का?"

"असं मी म्हणू शकत नाही," त्या म्हणाल्या. "नाही, असंही म्हणू शकत नाही."

त्यांनी खरं तेच सांगितलं. पण त्या दोन वाक्यांच्या मधे मी तेव्हापासून राहते आहे.

स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात एक गुठळी दिसली. लहान आहे म्हणाल्या, वेळेत आलात म्हणाल्या, पण दोन दिवस आतच ठेवणार, पायातली अजून सुटू शकते. सुटू शकते हा शब्द घेऊन मी बाहेरच्या बाकावर बसले. आणि इथं एक गोष्ट कबूल करायची आहे, कारण ती लपवली तर बाकीचं सगळं लिहिणं खोटं. बाकावर बसल्यावर माझ्या मनात पहिला विचार धाकटीचा आला नाही. गोळ्या मीही खाल्ल्या होत्या. पट्टा मीही बांधला होता. मी बाथरूममध्ये गेले, कडी लावली, साडी वर केली आणि दोन्ही हातांत वेढून आधी उजवी पोटरी धरली, मग डावी. मग पुन्हा उजवी. ती आत जिवाशी झगडत होती आणि मी इथं स्वतःच्या पोटऱ्या मोजत होते. नंतर डॉक्टरांनी माझीही सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच शरम वाटली.

दुपारी तिचे वडील आले, दिंडोरीहून. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. कमी बोलणारा माणूस, पांढरी टोपी, नखांत बागेची माती. आत जाऊन लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून आले आणि माझ्या शेजारी बसले. डॉक्टरांना दाखवायला मी वही मागवून घेतली होती, ती माझ्या मांडीवर होती. त्यांनी विचारलं, "हे काय हाय?" मी सांगितलं, व्यायामाची वही, सगळं रोजच्या रोज लिहिते. त्यांनी चष्मा लावला आणि पानं उलटायला लागले. किलो. आकडे. इंच. प्रत्येक पानावर बोट ठेवून वाचत होते.

"आमचीबी वही असती," ते म्हणाले. "माल बाहेर जायाचा तर फवारनीची वही लागती. कंच्या दिवशी कंचं औषध, किती, समदं लिवायचं. येक बी सुटलं तर माल परत. गर्डलिंग करायचं तरी आदी वही बघायची, येलीला काय काय दिलंय." मग आणखी एक पान उलटलं. "ह्यात ती गोळी कुठं हाय, बाई?"

रागानं नाही विचारलं. खरंच शोधत होते. त्यांना वाटलं असेल एवढं सगळं लिहिणाऱ्या बाईनं तेही लिहिलं असणार. त्यांचं बोट त्या शेवटच्या ओळीवर येऊन थांबलं, डावी पोटरी, पाऊण इंच वाढ, शाब्बास. त्यांनी ते वाचलं. वही मिटली, माझ्या मांडीवर परत ठेवली आणि टोपी काढून हातात घेऊन बसले. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी घरी कपडे आणायला गेले तेव्हा सासूबाईंना सगळं सांगितलं. हळुवारपणे सांगायचं ठरवलं होतं, पण माझी जीभ कुठली ऐकते. मी म्हटलं, "आई, तुमची देवाची गोळी तिच्या फुप्फुसात गेलीये." हे पुरतं खरं नव्हतं, माझा पट्टा आणि माझे अंगठे मी त्यातून सोयीस्कर गाळले होते. त्या देव्हाऱ्यापाशी गेल्या, डबी काढली, झाकण उघडून आत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वीस वर्षं मीच आणतीये." आणि खाली बसल्या, समोर गणपती, हातात डबी. पाकिटं डबीत वाजत होती. तेव्हा मला कळलं की ह्या घरात घाबरणारी मी एकटी नाही. मग मी माझंही सांगितलं. तेलाचंसुद्धा.

तीन दिवसांनी ती घरी आली. म्हणजे संकट टळलं असं लोक म्हणाले. लोकांचं काय जातं. सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या, तोवर बार नाही, पट्टा तर कधीच नाही. ब्रश करताना हिरडीतून रक्त आलं की ती मला हाक मारायची. खोकली की मी जिन्यात. दुपारी तिचं मशीन थांबलं आणि दोन मिनिटांत पुन्हा सुरू झालं नाही, तर मी पोरांना गणित सोडवायला सांगून वर जाऊन यायची. ती मला म्हणाली, "ताई, तुम्ही सारख्या वर येताय, त्यानंच मला धडकी भरते." तरी मी जायची. फक्त तिच्या पायाला मी हात लावला नाही. डॉक्टरांनी दर आठवड्याला माप घ्यायला सांगितलं होतं, ते ती स्वतःच घ्यायची आणि मला आकडा सांगायची, मी लिहायची. वहीत आता एक नवी ओळ होती, दिलेली औषधं. डोकेदुखीची गोळीसुद्धा त्यात यायची.

डिसेंबरातली स्पर्धा होऊन गेली. कुणाला तिची आठवणही राहिली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती हळूहळू जिमला यायला लागली, रिकाम्या बारपासून. सर तिच्याशी बोलले, माझ्याशी फारसं बोलले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

मग पुन्हा गणपती आले. डबी देव्हाऱ्याखाली नव्हती. कुणी तिचं नावही काढलं नाही. गौरी बसल्या, पूजनाचा दिवस उजाडला. मी कटाची आमटी फोडणीला टाकत होते, सासूबाई पुरणात जायफळ किसत होत्या, आणि धाकटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या बाहेर. तिथनं पुढं आली नाही.

"आई," ती म्हणाली, "मला आली."

मोहरी तडतडत होती, मी गॅस बारीक केला. आमच्या घरात हे वाक्य गौरींच्या दिवशी आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. सासूबाईंनी जायफळ खाली ठेवलं. मला वाटलं, आता काय बोलतात. बोलल्या तर मीही ऐकवायच्या तयारीत होते, दोन शब्द तोंडात येऊन बसले होते.

त्या उठल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "पोटरी दुखतीये का?"

"नाही."

"दम?"

"नाही, आई."

"आत ये. बस इथं." त्यांनी पाट पुढं सरकवला, गौरींच्या नैवेद्याच्या ताटाशेजारी. मग कपाटावरून टेप काढला आणि माझ्यापुढं धरला. "तू घे माप. मला आकडे दिसत नाहीत."

मी म्हटलं, "तीच घेईल." त्या हलल्या नाहीत. टेप माझ्यापुढं तसाच. धाकटीनं साडी गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाय पुढं केला. वर्षभरानं मी त्या पोटरीला हात लावणार होते. टेप दोन बोटांत चिमटीत धरला, दोन्ही अंगठे वर उचलून ठेवले, कातडीला लागू दिले नाहीत, आणि डाव्या पोटरीभोवती टेप फिरवला. मग उजव्या. आकडा दोनदा वाचला.

"सारख्या आहेत," मी म्हटलं.

"पुन्हा बघ."

पुन्हा बघितलं. सारख्या होत्या.

सासूबाईंनी श्वास सोडला. एवढा वेळ त्यांनी तो धरून ठेवला होता हे मला तेव्हा कळलं. मग त्या माझ्यावर खेकसल्या, "मग बघत काय बसलीस, फोडणी जळतीये." आणि धाकटीला म्हणाल्या, "तू हात धू आणि पुरण वाटायला घे."